दीड लाखात डिजिटल शाळा: आधी वेळ ठरवा, मग यंत्र

एका शिक्षिकेचा प्रश्न असा आहे: जिल्हा परिषदेची द्विशिक्षकी शाळा, पहिली ते चौथी, पट ३८. बीड जिल्ह्यातली वस्ती, त्यामुळे दिवाळीच्या सुमारास दहा-बारा मुलं आईबापांबरोबर ऊसतोडीला जातात. ग्रामपंचायत वित्त आयोगाच्या निधीतून ‘डिजिटल शाळे’साठी दीड लाख द्यायला तयार आहे. विक्रेता इंटरॅक्टिव्ह पॅनेलचा, म्हणजे स्पर्शाने चालणाऱ्या मोठ्या डिजिटल फळ्याचा, आग्रह धरतोय. ते घ्यावं का, आणि मुलांच्या वाचनात, गणितात खरोखर फरक पडावा म्हणून काय करावं?

मॅडम, पॅनेल घेऊ नका. चांगल्या पॅनेलमध्ये तुमचे बहुतेक पैसे संपतील, ते एकाच खोलीत अडकेल, आणि मुख्य म्हणजे ते चालू असेपर्यंत तुम्हालाही त्याच्याजवळ उभं राहावं लागेल. तुमच्या शाळेत कमी काय आहे? चित्रं, गाणी, व्हिडिओ यांची टंचाई आता कुठेच नाही. टंचाई आहे ती तुमच्या वेळेची. एका शिक्षकाकडे दोन वर्ग, म्हणजे कुठल्याही वर्गाला शिक्षक मिळतो तो निम्मा वेळ. उरलेला निम्मा वेळ आपण टाचणात, म्हणजे पाठाच्या आखणीच्या वहीत, ‘स्वाध्याय’ म्हणून लिहितो. प्रत्यक्षात मुलं फळ्यावरचं उतरवून घेत असतात. हेही दोघं हजर असताना. एक जण प्रशिक्षणाला, बीएलओच्या (मतदार यादीच्या) कामाला किंवा पंचायत समितीच्या बैठकीला गेला की चार वर्ग आणि एक शिक्षक.

म्हणून मी कुठल्याही शाळेला पहिला प्रश्न हाच विचारतो: हे यंत्र दिवसातल्या कोणत्या मिनिटांत चालणार? तुम्ही तिसरीला शिकवत असताना तिसरीसमोर चालणार असेल तर त्याचा फायदा थोडा, कधी तोटाही. तुम्ही पहिली-दुसरीत गुंतलेल्या असताना तिसरी-चौथीच्या हातात चालणार असेल, तर ते तुम्ही देऊच शकत नव्हता असा वेळ देतं.

हे माझं एकट्याचं मत नाही. गुजरातमध्ये ग्यानशाला या संस्थेच्या शाळांत ली लिंडेन या अर्थशास्त्रज्ञाने संगणकावरच्या गणिताच्या सरावाची दोन तऱ्हांनी परीक्षा घेतली होती. एका तऱ्हेत संगणकाचा तास शिक्षकाच्या शिकवण्याच्या वेळेतून कापून घेतला, दुसरीत तो शाळेच्या वेळेबाहेर वाढवून दिला. पहिल्या तऱ्हेत मुलं मागे पडली, दुसरीत पुढे गेली. सॉफ्टवेअर तेच होतं. वडोदऱ्याच्या महापालिका शाळांत त्याआधी चौथीच्या मुलांना आठवड्याला दोन तास, एका संगणकावर दोन मुलं बसवून, गणिताचे खेळ दिले होते. गणितात चांगली वाढ दिसली, भाषेत दिसली नाही, आणि कार्यक्रम थांबल्यावर वर्षभरात त्या वाढीचा बराचसा भाग ओसरला. पेरू देशात सरकारने ग्रामीण शाळांत मुलांना लॅपटॉप वाटले. २०१२ साली त्याचा अभ्यास आला, तेव्हा गणितात आणि भाषेत काहीच फरक सापडला नाही. दिल्लीत माइंडस्पार्क हे सॉफ्टवेअर शाळा सुटल्यावर चालणाऱ्या केंद्रांत वापरलं. ते मुलाची इयत्ता बघत नाही, त्याला जिथपर्यंत येतं तिथून प्रश्न देतं. तिथे साडेचार महिन्यांत गणित आणि हिंदी दोन्हींत मुलं ठळकपणे पुढे गेली. ती सहावी-सातवीच्या आसपासची होती, तुमची लहान आहेत. तरी सूत्र तेच लागू पडतं. यंत्राने शिक्षकाची जागा घेतली की नुकसान. शिक्षक पोचत नाही तिथे मुलाच्या पातळीचा सराव दिला की फायदा.

महाराष्ट्रात आपण नेमका हाच भाग सोडून दिला. २२ जून २०१५ ला ‘प्रगत शैक्षणिक महाराष्ट्र’चा शासन निर्णय आला. शहापूर तालुक्यातली पाष्टेपाड्याची डिजिटल शाळा त्याआधीच गाजत होती, शिक्षक लांबलांबून ती बघायला जात होते. मग गावोगाव लोकवर्गणी निघाली. ती लाट खोटी नव्हती. पालक शाळेत यायला लागले, काही ठिकाणी इंग्रजी शाळांतून मुलं परत आली. पण बऱ्याच गावांनी तिथली शिकवण्याची रीत न आणता नुसता प्रोजेक्टर आणला. आज कपाटं उघडली तर दिवा गेलेले प्रोजेक्टर सापडतात, डेडस्टॉकात (शाळेच्या वस्तूंच्या नोंदवहीत) त्यांची नोंद शाबूत असते आणि ती काढून टाकायचा, म्हणजे निर्लेखनाचा, प्रस्ताव कोणी करत नाही. दुसरीकडे माढा तालुक्यातल्या परितेवाडीत रणजितसिंह डिसले या शिक्षकाने पाठ्यपुस्तकाला फोनने स्कॅन करायचे क्यूआर कोड जोडले, त्यातून धड्याचं ऐकायचं-बघायचं साहित्य उघडतं. ही कल्पना पुढे बालभारतीच्या पुस्तकांत आली आणि २०२० मध्ये त्यांना ग्लोबल टीचर प्राइझ मिळालं. लोकांच्या लक्षात बक्षिसाची रक्कम राहिली. मला त्यातला साधेपणा महत्त्वाचा वाटतो: पुस्तक मुलाच्या घरी असतंच, कोड छापायला खर्च नाही, आणि पालकाचा फोन संध्याकाळी रिकामा असतो. शिक्षक हजर नसण्याची वेळ हेरून केलेली ती गोष्ट आहे.

आता खरेदी. माझा हिशेब असा: तिसरी-चौथीच्या खोलीत ४३ इंची साधा अँड्रॉइड टीव्ही, पंचवीस-तीस हजारांत. आठ टॅब, सत्तर-बहात्तर हजार. इन्व्हर्टर आणि बॅटरी, पंचवीसच्या आत. वायरिंग दुरुस्ती आणि अर्थिंगला दहा हजार. उरलेल्यात दोन ब्लूटूथ स्पीकर, फोनचा स्टँड, एक लांब एचडीएमआय केबल आणि कुलूप लागणारी पत्र्याची पेटी. भाव इकडेतिकडे होतील, पण अर्थिंगचा आकडा कापू नका. सगळे तिथेच वाचवायला बघतात, आणि पहिल्याच पावसाळ्यात टीव्हीचा बोर्ड जातो. प्रोजेक्टर नको, कारण खोली अंधारी करावी लागते, आणि अंधारात दुसऱ्या वर्गाला लिहिता येत नाही.

ग्रामसेवकांना सांगून खरेदी आदेशातच तीन वर्षांची जागेवर दुरुस्ती लिहून घ्या. नंतर दुरुस्तीसाठी पैसे मागायला गेलात तर कुठल्याच शीर्षात बसणार नाहीत. वीजबिल ग्रामपंचायत भरेल असा वेगळा ठराव करून घ्या. तोंडी ‘भरू की’ यावर विसंबू नका, सरपंच बदलले की मीटर कापला जातो.

टीव्हीचा उपयोग मी व्हिडिओसाठी फार सांगणार नाही. त्याचा सर्वांत मोठा उपयोग म्हणजे मुलाची वही सगळ्यांना दाखवणं. फोन स्टँडवर खाली तोंड करून ठेवायचा, कॅमेरा चालू, केबलने किंवा कास्ट करून टीव्हीवर. तुमच्या फोनला केबल चालत नसेल तर फोन आणि टीव्ही एकाच हॉटस्पॉटवर घ्या.

एका शाळेतला तास सांगतो. तिसरीच्या मुलाने ५२ वजा १७ बरोबर ४५ लिहिलं होतं. सातातून दोन गेले पाच, पाचातून एक गेला चार. ही चूक वर्गात निम्म्या मुलांची असते, आणि आपण लाल फुली मारून ‘दशक सुटा कर’ म्हणून पुढे जातो. बाईंनी ती वही नाव झाकून टीव्हीवर घेतली आणि विचारलं, “हे कसं केलं असेल?” बरोबर की चूक, हे विचारलंच नाही. एक मुलगी म्हणाली, “मोठ्यातून लहान वजा केलं.” दुसरा म्हणाला, “पण वर तर दोन आहेत.” मग बाईंनी काड्यांचे पाच गठ्ठे आणि दोन सुट्या काड्या कॅमेऱ्याखाली ठेवल्या आणि त्या मुलालाच सतरा काढून घ्यायला सांगितलं. दोन सुट्या उचलल्या आणि तो थांबला. पुढे गठ्ठा सोडायचा हे त्याचं त्यालाच सुचलं, आणि अठरा मुलांनी त्याचे हात पडद्यावर पाहिले. एरवी काड्या-गठ्ठे मागच्या रांगेला दिसतच नाहीत. यासाठी ना इंटरनेट लागलं ना ॲप.

टॅबचं काम वेगळं आहे. एका टॅबवर दोन मुलं. वडोदऱ्यातही दोन-दोनच होती. माझ्या अनुभवात एकट्या मुलापेक्षा जोडी बरी चालते, कारण अडलं की शेजाऱ्याला विचारता येतं आणि तुमच्याकडे धाव येत नाही. मात्र जोडी लावताना एकदम हुशार आणि एकदम मागे पडलेलं मूल एकत्र बसवू नका. टॅब हुशार मुलाच्याच हातात राहतो. जवळपासच्या पातळीची दोन घ्या. रोज वीस-पंचवीस मिनिटं, ठरलेल्या तासिकेला, तुम्ही पहिली-दुसरीचं वाचन घेत असताना. सहा आठवडे टॅबवर दोनच ॲप ठेवा: एक गणित सरावाचं, एक वाचनाचं. मेनू मोठा झाला की मुलं निवडण्यातच वेळ घालवतात.

वाचनासाठी सर्वांत स्वस्त साधन म्हणजे टॅबमधला रेकॉर्डर. वाचायला शिकताना मुलाला कोणीतरी ऐकावं लागतं, आणि तेवढे कान आपल्याकडे नाहीत. जोडीतल्या एकाने उतारा वाचायचा, दुसऱ्याने रेकॉर्ड करायचं, मग दोघांनी पुस्तकावर बोट ठेवून ऐकायचं. ‘प्रकाश’ला ‘परकाश’ म्हटलेलं बोलताना कळत नाही, स्वतःच्या आवाजात ऐकलं की चटकन खटकतं. मुलं आपणहून दुसऱ्यांदा वाचतात, तिसऱ्यांदा वाचतात. वीस मिनिटांत एका मुलाचं चार वेळा वाचन होतं. तुम्ही घेतलं असतं तर आठवड्यातून एकदा झालं असतं. तुम्ही दिवसाला फक्त दोन-तीन रेकॉर्डिंग ऐका, जेवणाच्या सुट्टीनंतर.

गूगलचं रीड अलाँग हे वाचन सरावाचं ॲप मराठीतही वाचून घेतं आणि चुकलेला शब्द दाखवतं. उपयोगी आहे, पण मुलाचा उच्चार थोडा गावाकडचा असला की ते अडतं. तेव्हा ‘मशीनला नाही कळलं, तुझं बरोबर आहे’ हे सांगायला मोठं माणूस लागतं. गोष्टींसाठी प्रथम बुक्सचं स्टोरीवीव्हर बघा. पातळीनुसार मराठी गोष्टी आहेत, मोफत आहेत, आणि परवाना खुला असल्याने छापूनही वाटता येतात. दीक्षा या सरकारी ॲपवरचे व्हिडिओ कमी-जास्त दर्जाचे आहेत. आदल्या रात्री स्वतः पाहिल्याशिवाय एकही लावू नका आणि लागणारे घरच्या नेटवर उतरवून ठेवा. वस्तीवर रेंज नाही हे गृहीत धरूनच सगळी आखणी करा. रेंज आली तर तो बोनस.

कवितांची ॲनिमेशन मात्र कमी लावा, असं मी भांडून सांगतो. मूल टीव्हीबरोबर कविता म्हणतं, आवाज बंद केला की थांबतं. चाल लावून, टाळ्या वाजवून बाईंनी म्हटलेली कविता आयुष्यभर राहते, आणि त्याला वीजही लागत नाही.

आता ऊसतोडीच्या मुलांचं. मला तुमच्या प्रश्नातला हाच भाग सगळ्यात मोठा वाटतो, आणि दीड लाखातला एक रुपयाही त्याला लागत नाही. जी मुलं हंगामी वसतिगृहात किंवा आजी-आजोबांकडे राहतात ती तुमच्यासमोर आहेत. जी जातात त्यांना तिथल्या शाळेत बसता यावं म्हणून शिक्षण हमी कार्ड देऊन आपण मोकळे होतो. कारखान्याजवळच्या शाळेत ती किती दिवस बसतात, हे तुम्हाला-मला दोघांनाही ठाऊक आहे. मार्च-एप्रिलमध्ये परत येतात तेव्हा गेलेल्या जागेच्याही मागे गेलेली असतात.

टाळेबंदीच्या काळात, २०२० मध्ये, आफ्रिकेतल्या बोट्सवाना देशात पालकांच्या साध्या फोनवर दर आठवड्याला गणिताचा एक मेसेज आणि जोडीला शिक्षकाचा पंधरा-वीस मिनिटांचा फोन असा प्रयोग झाला. मुलांचं अंकगणित सुधारलं. नुसत्या मेसेजने फारसं झालं नाही, फोनवर मुलाशी बोलल्याने झालं. पुढे हाच प्रयोग भारतासह आणखी पाच देशांत करून पाहिला, तिथेही फोनने फरक पडला. स्मार्टफोन लागत नाही, ॲप लागत नाही.

तुमच्याकडे दहा-बारा मुलं आहेत. दोघांत वाटली तर प्रत्येकी पाच-सहा. आठवड्यातून एकदा, प्रत्येकी दहा मिनिटं धरा. निघण्याआधी तीन गोष्टी करून ठेवा. आई आणि बाप दोघांचे नंबर, शिवाय टोळीतल्या आणखी एकाचा नंबर घ्या. उचल (मुकादमाकडून आगाऊ घेतलेले पैसे) फिटेपर्यंत काही जण सिम बदलतात. मुलाबरोबर दहा-बारा पानांची सरावाची वही द्या, प्रत्येक पानाला मोठा आकडा घालून, म्हणजे फोनवर “सात नंबरचं पान काढ” एवढं म्हटलं की काम सुरू होतं. आणि वेळ आईला विचारून ठरवा. ट्रक भरायला रात्री-अपरात्री उठावं लागतं, तेव्हा आपली शाळेची वेळ त्यांना सोयीची नसते. बऱ्याचदा दुपारी, बाप फडात आणि मूल कोपीपाशी (झोपडीपाशी) धाकट्याला सांभाळत असताना, मोठ्या बहिणीच्या हातात फोन असतो. फोनवर शिकवू नका, विचारा. “चोवीस ऊस, तीन मोळ्या, एकीत किती?” मूल गप्प बसलं तर बसू द्या, कागदावर करत असेल. शेवटी दोन ओळी मोठ्याने वाचायला लावा.

शाळेत राहिलेल्या मुलांकडून त्या मुलांना आवाजी निरोप पाठवता आले तर तेही करा. वर्गात आज काय झालं ते सोबत्याच्या तोंडून कळलं की मूल परतल्यावर शाळेला बिचकत नाही.

ऑनलाइन माहितीच्या कामाबद्दल तुम्ही विचारलेलं नाही, पण टॅब आले की तो विषय निघणारच. यूडायस प्लसवर शाळेची माहिती, शालार्थवर पगाराची, पोषण आहाराची नोंद, चॅटबॉटवरचे गुण, तातडीने मागवलेले तक्ते. मुलांचे टॅब या कामाला एकदा वापरले की ते कार्यालयाचे झाले. पहिल्याच दिवशी मुख्याध्यापकांशी बोलून ठरवून टाका: माहिती शिक्षकाच्या फोनवरून किंवा शाळेच्या लॅपटॉपवरून, टॅब फक्त मुलांसाठी. वरिष्ठ विचारतील तेव्हा माझं नाव सांगा.

फोटोंचंही तसंच. ‘डिजिटल शाळा’ म्हटलं की मुलांचे फोटो गटावर, स्टेटसला, पुढाऱ्याच्या पानावर जायला लागतात. २०२३ चा डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा अठराच्या आतल्या मुलांच्या माहितीसाठी पालकांची संमती मागतो. तुम्ही एवढंच पाळा: चेहरा न दिसणारे फोटो पुराव्याला पुरतात, आणि वाचनाची रेकॉर्डिंग टॅबच्या बाहेर जाऊ द्यायची नाहीत.

टॅबची देखभाल मुलांवर सोपवा. चौथीतली दोन मुलं दर आठवड्याला ‘पेटीवाले’. रोज मोजून देणं, मोजून घेणं, चार्जिंगला लावणं, टॅबवर रंगाने टाकलेला नंबर आणि जोडीची नावं वहीत लिहिणं. मोठ्यांपेक्षा चोख करतात. बॅटरीत डिस्टिल्ड वॉटर मात्र तुम्हीच बघा. उन्हाळ्याच्या सुट्टीत टॅब अर्धे चार्ज करून बंद करून ठेवा; पूर्ण उतरलेली बॅटरी जूनमध्ये उठत नाही.

फरक पडतोय का हे ओळखायला वेगळी चाचणी लागत नाही. प्रत्येक मुलाचं एक मिनिटाचं वाचन जुलैत, दिवाळीआधी आणि फेब्रुवारीत, एकाच पातळीच्या पण नव्या उताऱ्यावर. निपुण भारत या केंद्राच्या वाचन-गणिताच्या अभियानाने तिसरीसाठी मिनिटाला किमान ६० शब्दांचं लक्ष्य ठेवलंय. तो आकडा भिंतीवर लावा, पण डोक्यावर घेऊ नका. मराठीत ‘घराजवळच्या’ हा एक शब्द होतो, हिंदीत त्याचे तीन-चार होतात; तेव्हा शब्दांची मोजणी आपल्या मुलांना जरा महागच पडते. मूल अर्थ लावून थांबतंय का, चुकलं की मागे वळून सुधारतंय का, ते ऐका. गणिताला ५२ वजा १७ सारखी पाच उदाहरणं पुरतात. वह्यांचे फोटो तारखेनुसार ठेवले की चूक बदलली का तीच राहिली, हे दिसतं. चार महिन्यांत काहीच हललं नाही तर टॅबची तासिका बदलून बघा. ॲप बदलायची घाई करू नका. बहुधा कारण असं निघतं की त्या वेळी तुम्ही रिकाम्या होता आणि मुलांशेजारी बसला होता.

पैसे मार्चअखेर खर्च व्हायलाच हवेत असा दबाव येईल. येऊ द्या, पण मागणी पत्र आत्ताच, वस्तूंची यादी आणि शाळा व्यवस्थापन समितीचा ठराव जोडून द्या, म्हणजे शेवटच्या आठवड्यात कोणी भलतंच बिल पुढे करणार नाही. तोवर रेकॉर्डरचं काम तुमच्या स्वतःच्या फोनवर सुरू करता येतं. पुढच्या शिक्षण परिषदेला, म्हणजे आपल्या केंद्रातल्या शिक्षकांच्या बैठकीला, तिसरीतल्या दोन-तीन मुलांची रेकॉर्डिंग घेऊन या. मी अर्धा तास काढून ठेवतो, सगळे मिळून ऐकू. परिपत्रकांचं वाचन तेवढं पुढे ढकलता येईल.